विहिरीतली सरळ रेषा

दहावीतल्या मुलीला आलेखावरची सरळ रेषा समजावून सांगायची असेल, तर मी तिला पुस्तकाआधी विहिरीवर नेईन. जांब समर्थसारख्या गावात त्यासाठी लांब जावं लागत नाही. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात आहे आणि विहिरीला किती पाणी आहे, हा इथल्या शेतकऱ्याचा रोजचा प्रश्न. सोबत एक दोरी घ्यायची, टोकाला दगड बांधायचा आणि दर मीटरला एक गाठ मारायची.

समजा विहीर गोल आहे, सहा मीटर व्यासाची, उभ्या कडांची. लाइट आली, मोटार सुरू झाली आणि तासाला 28 हजार लिटर पाणी बाहेर पडू लागलं. अशा विहिरीत एक मीटर उंचीत जवळपास तेवढंच पाणी मावतं. म्हणून दर तासाला दोरीची एक गाठ कोरडी निघते. आठ मीटर पाणी होतं, ते सात झालं, मग सहा, मग पाच. आडव्या अक्षावर तास आणि उभ्या अक्षावर पाणी मांडलं की ठिपके एका रेषेत येतात. पहिल्या तासात जे घडलं तेच तिसऱ्या तासात घडलं, एवढंच ती सरळ रेषा सांगते.

आता शेजारच्या विहिरीकडे बघू. व्यास तोच, मोटार तशीच, पण पाणी बारा मीटर. तिची रेषा पहिलीच्या वर, पण तिला समांतर. इथे पुष्कळ मुलं चुकतात. वरची रेषा पाहून तिथलं पाणी जास्त वेगानं उतरतंय असं त्यांना वाटतं. रेषेची उंची सांगते शिल्लक, तिचा चढ सांगतो वेग. दोन्ही विहिरींचा चढ एकच आहे, उणे एक. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पाठ करावा लागत नाही.

खऱ्या विहिरीला झरे असतात. पाणी खाली जाईल तसे झरे जास्त वाहू लागतात आणि उताराची रेषा हळूहळू आडवी व्हायला लागते. ते वाकणं म्हणजे मोजण्यातली चूक नव्हे. न दिसणारा झरा कागदावर तिथंच दिसतो, आणि मला आलेखाची सगळ्यात मोठी गंमत हीच वाटते. मोटार बंद केल्यावर पाणी आधी भराभर चढतं, मग सावकाश. त्या वळणावरून भूजलतज्ज्ञ विहिरीची ताकद काढतात.

याच तालुक्यातून जायकवाडीचा डावा कालवा जातो. पैठणच्या या धरणात पाणी किती फूट चढलं, ही बातमी पावसाळ्यात रोज वाचली जाते. पण धरणाच्या कडा विहिरीसारख्या उभ्या नाहीत. पातळी 1522 फुटांना पोचली की नाथसागर, म्हणजे या धरणाचा जलाशय, पूर्ण भरतो, तेव्हा तो सुमारे 350 चौरस किलोमीटर पसरलेला असतो. तिथल्या एका फुटात साडेतीन टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) अधिक पाणी बसतं. तळाकडच्या एका फुटात याहून पुष्कळ कमी. म्हणून पातळी आणि साठा यांचा आलेख सरळ येत नाही, वर जाईल तसा तो अधिकाधिक उभा होतो. निम्मी उंची गाठली म्हणून निम्मं पाणी आलं, असा हिशेब केला तर तो चुकतो.

धरण किती टक्के भरलं आणि साठा किती, यांचा आलेख मात्र सरळ असतो. उपयुक्त साठा साधारण 76 टीएमसी, म्हणजे एका टक्क्याला पाऊण टीएमसी, खालीही आणि वरही. तो वाचताना रेषा सुरू कुठून होते तेवढं बघावं लागतं. दोरीचं शून्य विहिरीच्या तळाला टेकतं. जायकवाडीत शून्य टक्के असतात तेव्हाही धरणात 26 टीएमसी मृतसाठा असतो.