राखेचा ढग आणि विम्याची कलमे

१४ एप्रिल २०१० रोजी आइसलंडमधला एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखी उसळला आणि युरोपचे बरेचसे आकाश जवळजवळ आठवडाभर विमानांना बंद झाले. राखेतले काचेसारखे कण इंजिनाच्या उष्णतेत वितळतात आणि आतल्या पात्यांवर थिजतात. १९८२ मध्ये जावाजवळ एका जंबो जेटची चारही इंजिने अशीच बंद पडली होती. त्यामुळे धोका पत्करणे शक्यच नव्हते. सुमारे १ लाख उड्डाणे रद्द झाली. प्रवासविमा असूनही अनेकांच्या हाती काही लागले नाही, कारण पॉलिसीत ‘खराब हवामान’ होते, ज्वालामुखी नव्हता. आणि राखेला हवामान म्हणायचे की नाही, यावर विमा कंपन्यांतच एकमत नव्हते.

विमान कंपनी पैसे परत करतेच, मग विमा कशाला, असे कोणी म्हणेल. युरोपीय नियमाने अडकलेल्यांच्या राहण्याजेवणाची जबाबदारी विमान कंपनीवर टाकली होती हे खरे, पण पुढच्या मुक्कामी आगाऊ भरलेले हॉटेल किंवा चुकलेली क्रूझ तिच्या हिशेबात येत नव्हती. ती तूट विमा भरून काढतो. तीही कलमात लिहिलेल्या कारणांपुरती, आणि संकट जगजाहीर होण्याआधी पॉलिसी घेतली असेल तरच. (पेटलेल्या घराचा विमा कोण उतरवणार?) तेव्हा हप्ता किती हे बघण्याआधी काय वगळले आहे ते पान वाचा, आणि उड्डाण रद्द झालेच तर विमान कंपनीकडून तसे लेखी मागून घ्या.