‘दया कर’ आणि ‘विनंती कर’

आमच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण संतांची लितानी तिला तोंडपाठ होती. तिन्हीसांजेला रोझरी झाली की ती एकेक नाव घ्यायची आणि आम्ही पोरं एका सुरात उत्तर द्यायचो. प्रभूचं नाव आलं की ‘दया कर’. मरिया, योसेफ, पेत्र, पौल अशी रांग सुरू झाली की ‘विनंती कर’. एकदा पेंगता पेंगता मी संत अंतोनीच्या नावापुढे ‘दया कर’ म्हणालो. आजीची माळ थांबली. “दया करणारा एकच,” ती म्हणाली, “बाकीचे आपल्यासारखेच मागणारे. फक्त ते त्याच्या जवळ आहेत.”

शाळेतले मित्र विचारायचे, “तुमच्यात देव किती?” चर्चमध्ये मूर्ती, त्यांच्यापुढे मेणबत्त्या, सणाला मिरवणूक, हा प्रश्न पडणं साहजिकच होतं. मोठेपणी धर्मशास्त्राची पुस्तकं चाळली तेव्हा कळलं, की आजीने दोन क्रियापदांत सांगितलेलं स्पष्ट करायला मोठमोठ्या धर्मसभा भरल्या होत्या. इ. स. 787 मध्ये निकेया इथल्या दुसऱ्या धर्मसभेने ठरवलं, की खरी आराधना फक्त देवाची. प्रतिमेला द्यायचा तो मान, आणि तो प्रतिमेत न थांबता जिची प्रतिमा आहे त्या व्यक्तीपर्यंत पोचतो. ग्रीक भाषेत या दोन भावांना वेगळे शब्द आहेत: देवासाठी ‘लात्रिया’, संतांसाठी ‘दुलिया’. मरियेचा मान इतर संतांहून मोठा, तरी तीसुद्धा आराधनेच्या अलीकडेच. प्रोटेस्टंट सुधारणेनंतर वाद पेटला, तेव्हा 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने हाच भेद पुन्हा मांडला.

प्रोटेस्टंट बांधवांचा आक्षेप मला हलका वाटत नाही. 1530 च्या आउग्सबुर्ग इथल्या प्रोटेस्टंट श्रद्धा-जाहीरनाम्यात संतांची आठवण ठेवावी, त्यांच्या श्रद्धेचा कित्ता गिरवावा, असंच म्हटलं आहे. पण धावा संतांचा करू नये, कारण मध्यस्थ एकच, ख्रिस्त. कॅथलिक माणूस यावर एवढंच म्हणतो, की आजारपणात मी शेजारणीला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हणतो, मग ती देवाघरी गेल्यावर हे नातं का तुटावं? मात्र नवस पुरा करून घेण्यासाठी संताला वेठीला धरलं जातं, त्याची मूर्ती उलटी करून ठेवली जाते, तेव्हा मला तो आक्षेप आठवतो आणि वाईट वाटतं.

या परंपरेचं मूळ थडग्यांपाशी आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्याला स्मुर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर, इथे वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना जाळण्यात आलं. लोकांनी त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि दरवर्षी त्या दिवशी तिथे जमायचं ठरवलं. त्या दिवसाला ते जन्मदिवस म्हणत. म्हणूनच संतांचा सण बहुधा मृत्यूच्या दिवशी किंवा त्याच्या आसपास येतो. तुकाराम बीज आणि आळंदीचा समाधी सोहळा माहीत असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पहिली कित्येक शतकं संत कोण हे लोक आणि स्थानिक बिशपच ठरवत. 993 मध्ये पोपनी आउग्सबुर्गच्या उलरिक यांना संत घोषित केलं, ती रोमकडून झालेली पहिली नोंदलेली घोषणा. आज मृत्यूनंतर साधारण पाच वर्षं थांबून चौकशी सुरू होते. लेखन तपासतात, साक्षी घेतात. ‘धन्य’ ठरवण्यासाठी एक चमत्कार आणि संतपदासाठी आणखी एक मान्य व्हावा लागतो. हुतात्म्याला पहिल्याची गरज नसते.

आमच्या वसईच्या गोन्सालो गार्सियांना मात्र फार वाट पाहावी लागली. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर ते वसईत जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघी धर्मगुरूंपाशी शिकले, त्यांच्याबरोबर कोवळ्या वयात जपानला गेले, तिथली भाषा आत्मसात केली. त्या संघात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा मकावला व्यापार केला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर झाले. ते धर्मगुरू कधीच नव्हते. 1593 मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते पुन्हा जपानला गेले ते दुभाषी म्हणून. सत्ताधीश हिदेयोशीसमोर मिशनऱ्यांचं म्हणणं जपानीत मांडणारा माणूस वसईचा होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

1596 मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं आणि हिदेयोशीचा संशय भडकला. धरपकड झाली. क्योतोमध्ये कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली, मग ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर नागासाकीपर्यंत चालवत नेलं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर गोन्सालोंसह 26 जणांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी भोसकलं. सर्वांत धाकटा लुई इबाराकी 12 वर्षांचा होता. 1627 मध्ये ते सगळे ‘धन्य’ ठरले. संतपद मिळालं 8 जून 1862 रोजी. गोन्सालो गार्सिया भारतात जन्मलेले पहिले संत. वसईजवळ गास गावात त्यांच्या नावाचं चर्च आहे.

त्या 26 जणांच्या नावाने नागासाकीत फ्रेंच धर्मगुरूंनी ओउरा चर्च बांधलं. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर तेव्हाही बंदी होती. जुन्या काळात तर संशयितांना ख्रिस्ताच्या, मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. ठेवला नाही, तर शिक्षा. धर्मगुरू उरले नव्हते, मिस्सा नव्हता. तरी काही घरांत कान्नोन देवीसारख्या दिसणाऱ्या मूर्तीसमोर माणसं गुपचूप मरियेची प्रार्थना करत राहिली.

17 मार्च 1865 रोजी उराकामी गावातले काही जण त्या नव्या चर्चमध्ये आले. एक बाई तिथले धर्मगुरू फादर पतीजां यांच्याजवळ गेली आणि तिने हळूच सांगितलं, की आमचं आणि तुमचं हृदय एकच आहे. मग तिने विचारलं, सांता मारिया कुठे आहे? फादरनी त्यांना मूर्तीपाशी नेलं. अडीचशे वर्षांत त्यांच्यापैकी कोणी अशी मूर्ती उघड्यावर पाहिली नव्हती. तरी त्यांनी मरियेला ओळखलं, तिच्या हातावरच्या बाळ येशूवरून.