बार्बाडोस बेटावर भाड्याची मोटार

२९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर रोहित शर्माच्या संघाने दक्षिण आफ्रिकेवर सात धावांनी विजय मिळवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, तेव्हापासून बार्बाडोस या कॅरिबियन बेटाचे नाव आपल्याकडे क्रिकेटची विशेष गोडी नसलेल्या घरांतही परिचयाचे झाले. या बेटावर आठवडाभराचा मुक्काम करू इच्छिणाऱ्या कुटुंबापुढे, मग ते पुण्याहून निघालेले असो की टोरांटोच्या हिवाळ्यातून सुटका शोधणारे असो, विमानाची तिकिटे हाती आल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की विमानतळावर उतरताच मोटार भाड्याने घ्यावी की तिच्यावाचून भागवावे.

बहुतेक जण याचे उत्तर बेटाच्या आकारमानावरून ठरवतात आणि तेथेच हिशेब चुकतो. बार्बाडोसची लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी २३, आणि क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीएवढे. एवढ्याशा भूमीवर मोटार कशाला, असे नकाशा पाहून एकाला वाटते. आणि मोटार असली तर एका दिवसात सारे पाहून होईल, असे त्याच नकाशावरून दुसऱ्याला वाटते. माझ्या मते विचारात घ्यावयाच्या गोष्टी दोनच आहेत: मुक्काम कोणत्या किनाऱ्यावर आहे, आणि बसने सहजी गाठता न येणारी किती स्थळे आपल्याला मनापासून पाहावयाची आहेत.

पश्चिमेचा होलटाउन-स्पाइट्सटाउनकडचा किनारा आणि दक्षिणेचा ऑइस्टिन्सपर्यंतचा किनारा येथे मुक्काम असेल, तर रोजच्या जाण्यायेण्यासाठी मोटारीची मुळीच आवश्यकता नाही. सरकारच्या निळ्या बसगाड्या, खाजगी मालकीच्या पिवळ्या मिनीबस आणि पांढऱ्या रंगावर तांबड्या पट्ट्याच्या व्हॅन, ज्यांच्या क्रमांकाच्या आरंभी झेड आणि आर ही अक्षरे असल्यामुळे सारे बेट त्यांना 'झेड-आर' म्हणूनच ओळखते, अशी तिहेरी व्यवस्था दिवसभर या किनाऱ्यांवर चालू असते. जवळ जा की दूर जा, भाडे साडेतीन बार्बाडोस डॉलर. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर हा दर सरकारने बांधून दिलेला आहे, तेव्हा चार माणसांच्या कुटुंबाची एक जाऊन-येऊन फेरी १४ अमेरिकन डॉलरमध्ये होते. मोटारीचे दिवसाचे भाडे, विमा आणि पेट्रोल यांची बेरीज याच्या कितीतरी पुढे जाते. थांब्याच्या वाटोळ्या पाटीवर गावांची नावे शोधू नयेत. रस्त्याच्या एका बाजूला 'टु सिटी' आणि दुसऱ्या बाजूला 'आउट ऑफ सिटी' एवढीच अक्षरे असतात, आणि सिटी म्हणजे ब्रिजटाउन, हे गृहीत धरलेले असते. गाडी दिसताच हात दाखवावा आणि आत चढताना बसलेल्या उतारूंना अभिवादन करावे, हा तेथला शिष्टाचार आहे. शाळेच्या गणवेशातील मुले, बाजारहाट करून परतणाऱ्या वृद्ध स्त्रिया आणि मोठ्याने लावलेले संगीत यांच्या संगतीत घडलेला हा अर्ध्या तासाचा प्रवास मला बेटाच्या दर्शनाचाच एक भाग वाटतो, आणि मोटारीच्या काचा वर करून बसलेला प्रवासी त्याला मुकतो.

पूर्वेकडे मात्र परिस्थिती पालटते. अटलांटिकच्या लाटा जेथे अखंड आदळतात आणि लाटांनी तळाशी झिजवलेले प्रचंड खडक जेथे पाण्यात उभे आहेत, त्या बाथशीबाला बस जाते, परंतु ती विरळ. आणि बहुतेक मार्ग ब्रिजटाउनला बांधलेले असल्यामुळे तेथून उत्तरेला चेरी ट्री हिलवर किंवा सेंट लूसी परगण्यातील समुद्रगुहेकडे जावयाचे झाल्यास पुष्कळदा पुन्हा राजधानी गाठावी लागते. १८८१ साली सुरू झालेली आणि १९३७ साली बंद पडलेली आगगाडी एके काळी या किनाऱ्याने धावत असे. तिच्याच जुन्या मार्गाच्या आधाराने आजचा पूर्व किनाऱ्याचा रस्ता गेला आहे, आणि त्या रस्त्यावर हवे तेथे थांबण्याची मुभा असणे हेच मोटारीचे खरे मोल आहे. यासाठी सबंध आठवडा नव्हे, दोन दिवस मोटार घेतली तरी पुरते.

हाकण्याच्या बाबतीत भारतातून जाणाऱ्यास एक सोय आहे: वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. आपला चालक-परवाना दाखवून पाहुण्यांसाठी असलेला स्थानिक परवाना घ्यावा लागतो, आणि तो भाड्याने गाडी देणारी कंपनीच सहसा मिळवून देते. भाड्याच्या गाडीच्या क्रमांकाआधी 'एच' अक्षर असते, त्यामुळे परका माणूस ओळखू येतो व स्थानिक लोक त्याला सांभाळून घेतात. धोका आहे तो वाटोळ्या चौकांत. उजवीकडून चौकात आलेल्या वाहनास आधी जाऊ देणे हा नियम तेथे कसोशीने पाळला जातो, आणि तो आपल्या अंगवळणी पडलेला नसतो. उसाच्या तोडणीआधीच्या दिवसांत दोन्हीकडचा ऊस इतका वाढतो की वळणापलीकडचे काही दिसत नाही. रस्ता अरुंद, कडेला चर किंवा भिंत. अंधार पडल्यावर अनोळखी माणसाने अशा रस्त्यांवर जाऊ नये.

करारनाम्यावर सही करण्यापूर्वी नुकसानीतील आपला वाटा किती, टायर व काचा विम्यात येतात की नाही, आणि अनामत म्हणून कार्डावर किती रक्कम अडकवली जाते, हे स्पष्ट विचारून घ्यावे. गाडीवरील प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र कंपनीच्या माणसादेखत काढावे.

हाच निर्णय दुसऱ्या बेटास लावता येणार नाही. सेंट लुसियात मोठा विमानतळ दक्षिण टोकाला आणि बरीच हॉटेले वायव्येला, मधला रस्ता डोंगरी व वळणांचा. तेथे चालकासह टॅक्सी ठरवणे शहाणपणाचे, आणि तिचे भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे. मार्टिनिक व ग्वादलूप ही फ्रेंच बेटे, तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात. अमेरिकेच्या ताब्यातील व्हर्जिन बेटांवर तर वाहतूक डावीकडून, पण गाडीचे चाकही डावीकडेच, अशी व्यवस्था आहे. ज्याला तिची सवय नाही त्याने तेथे सुकाणू हाती न घेतलेले बरे.

बार्बाडोसमध्ये मोटारीचे दोन दिवस निवडताना शुक्रवार वगळावा. त्या संध्याकाळी ऑइस्टिन्सच्या कोळीवाड्यात ताज्या माशांच्या चुली पेटतात, गर्दी लोटते, रम वाहते, आणि गाडी उभी करण्यास जागा मिळत नाही. गुरुवारी सायंकाळी मोटार परत करावी आणि शुक्रवारी झेड-आरने जावे.