प्रशिक्षण, नेतृत्व आणि देवळालीचा धडा

कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले की त्यांची कामगिरी आपोआप सुधारते, असा अनेक आस्थापनांचा समज असतो. वर्ग भरतात, प्रमाणपत्रे वाटली जातात; तरीही काही महिन्यांनी काम पूर्वीच्याच गतीने चालू असलेले दिसते. असे का होते, याचे उत्तर नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पच्या इतिहासात सापडते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिशांनी येथे संक्रमण छावणी उभारली. भारतातील सेवेची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे थांबत. ही जहाजे प्रामुख्याने थंडीच्या मोसमात सुटत. मोसम हुकला की महिनोन्महिने तिष्ठत बसावे लागे. ही माणसे नवखी नव्हती. वर्षानुवर्षांची कवायत त्यांच्या अंगी मुरलेली होती. मात्र छावणीत करण्यासारखे काम नव्हते आणि त्यांना ओळखणारा स्वतःच्या पलटणीतील अधिकारीही बहुधा नसे. कंटाळा, मद्यपान, बेशिस्त आणि मानसिक अस्वास्थ्य यांनी अनेकांना ग्रासले. फ्रँक रिचर्ड्स या माजी सैनिकाने १९३६ च्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या पुस्तकात या स्थितीचे वर्णन केले आहे. वेड लागल्यासारखे वागणाऱ्यासाठी इंग्रजीत रूढ झालेला 'डूलॅली' हा शब्द म्हणजे देवळालीचाच अपभ्रंश. त्याला जोडून येणारा 'टॅप' हा आपला 'ताप'! उन्हाळा आणि हिवताप यांचाही त्यात वाटा होता. तरीही प्रशिक्षित माणूस उद्दिष्टाविना राहिला तर त्याचे कौशल्य गंजते, हे यातून स्पष्ट होते.

याच देवळालीत आज भारतीय लष्कराचे 'स्कूल ऑफ आर्टिलरी' आहे. तोफखान्याचे काम मोठे विलक्षण असते. तोफ डागणाऱ्या जवानांना लक्ष्य बहुधा दिसतच नाही. दूरवरचा निरीक्षक अधिकारी लक्ष्य पाहतो, तोफांच्या ठिकाणी दिशा व कोन यांचे गणित मांडले जाते आणि त्यानुसार तोफेची तुकडी गोळा डागते. गोळा कुठे पडला हे निरीक्षक लगेच कळवतो आणि दुरुस्ती होते. एका दुव्याची चूक साऱ्यांचे श्रम वाया घालवते. म्हणूनच येथे कौशल्याइतकाच परस्परविश्वास घडवावा लागतो. साधने बदलली की शिक्षणही नव्याने सुरू होते. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळालीतच के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा लष्करात दाखल झाल्या, तेव्हा जुन्या अनुभवी तोपचींनाही नवे धडे गिरवावे लागणे क्रमप्राप्त होते.

कार्यालयातील परिस्थिती फारशी वेगळी नसते. हिशेब तपासणारा, सुटे भाग तयार करणारा किंवा संगणकाची आज्ञावली लिहिणारा कर्मचारी आपल्या कामाचा अंतिम परिणाम क्वचितच पाहतो. 'गोळा कुठे पडला' हे त्याला सांगणे ही वरिष्ठांची जबाबदारी होय. ती वार्षिक मूल्यमापनापर्यंत लांबणीवर टाकली, तर चूक वर्षभर तशीच राहते. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत प्रकल्पाविना 'बेंच'वर बसलेल्या तरुणांची घालमेल तर जुन्या छावणीतील प्रतीक्षेचीच आठवण करून देते. वेतन सुरू असते, पण आत्मविश्वास ओसरत जातो.

ब्रिटनमधील सँडहर्स्ट लष्करी अकादमीत अध्यापन केलेल्या जॉन अ‍ॅडेर यांनी नेत्याची तीन कर्तव्ये मांडली: काम तडीस नेणे, गट एकसंध ठेवणे आणि प्रत्येक व्यक्तीची गरज ओळखणे. पुढे उद्योगजगतानेही हा विचार स्वीकारला. यांपैकी एकाकडे दुर्लक्ष झाले तरी उरलेली दोन डळमळतात.

तात्पर्य, प्रशिक्षणाने क्षमता येते, पण ती वापरण्याची संधी, दिशा आणि उमेद नेतृत्वच देऊ शकते. प्रशिक्षणावर खर्च करण्यापूर्वी व्यवस्थापनाने स्वतःला एक प्रश्न अवश्य विचारावा: वर्गातून परतलेल्या कर्मचाऱ्याला दुसऱ्याच दिवशी आपण कोणते नवे काम देणार आहोत आणि त्याची विचारपूस कोण करणार आहे?