पोळा बैलांचा आणि आपलाही!

बालमित्रांनो, पोळा तुमच्या आवडीचा सण ना? आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोणी लावून शेकायचे आणि पोळ्याला मानेवर जू ठेवायचं नाही, ही आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या गावोगावची रीत. मग व्यायाम करणाऱ्या माणसाला सुट्टी नको का?

हा प्रश्न मला पडला तो आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलामुळे. पोरं त्याला 'ढोल्या' म्हणून चिडवायची. त्यानं मनावर घेतलं. पहाटे पळणं, संध्याकाळी जोर-बैठका आणि डब्यातली अर्धी भाकर परत! एका दिवसाचाही खाडा नाही. दहा दिवसांनी किराणा दुकानातल्या काट्यावर उभा राहिला, तर वजन अर्धा किलो जास्तच! दुसऱ्या दिवशी परिपाठाला चक्कर येऊन खाली बसला. "आता थोडे दिवस आराम कर," म्हटलं, तर रडायलाच लागला. "सर, एक दिवस थांबलो तं सारं वाया जाईन!"

खरंच वाया जातं का? चला, गणित करू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. मोठा माणूस अर्धा तास झपाझप चालला, तर सुमारे १५० कॅलरी खर्च होतात. म्हणजे एक दिवस चालणं चुकलं, तर फरक पडतो जेमतेम २० ग्रॅमचा!

मग तो अर्धा किलो कुठला? बहुतेक पाण्याचा. सवय नसताना एकदम व्यायाम वाढवला, की स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते, थोडी सूज येते आणि तिथे पाणी साठतं. विश्रांतीच्या दिवशी शरीर ही डागडुजी करतं. सूज उतरली, की ते पाणीही जातं. काट्याला चरबी आणि पाणी यांतला फरक कळत नाही, बरं का!

आणि विश्रांती म्हणजे शरीर बंद नव्हे. हृदय, फुफ्फुसं, मेंदू झोपेतही राबतात. बहुतेकांच्या दिवसभराच्या कॅलरींपैकी निम्म्याहून जास्त त्यातच खर्च होतात. मात्र "आज सुट्टी" म्हणून शेगावच्या कचोऱ्या चेपल्या, तर कालची कमाई पाच मिनिटांत परत!

आई-बाबांनो, वाढत्या वयात मुलांची उंची वाढते, तसं वजनही वाढणारच. त्यांना उपाशी ठेवू नका. काळजी वाटली, तर डॉक्टरांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल करायला सांगते. लगोरी, लंगडी, सायकल सगळं त्यात आलं. जड व्यायामाला मात्र आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी हवीच.

आमचा गडी आता रविवारी पळत नाही. लगोरी खेळतो, डबा पुसून खातो. आणि चिडवणाऱ्यांना मी एवढंच विचारलं, "पोळ्याला बैलाला आपण सजवतो, मग मित्राला का रडवायचं?"

तुम्हीही विचार करा हं!