होडीच्या यंत्राचा भोंगा

बैलगाडीच्या आसाला वंगण घातले नाही तर काय होते? चाक कुरकुरते. बैलांना ओढ जड जाते. आस झिजतो. पण गाडी रस्त्यावर उभी तरी राहते. होडीचे यंत्र समुद्रात बंद पडले तर होडी उभी राहत नाही. वारा आणि पाण्याची ओढ नेईल तिकडे ती जाते. आमच्या मांडवीला एका अंगाला भाट्याच्या खाडीचे मुख आणि दुसऱ्या अंगाला रत्नदुर्गाचे खडक. म्हणून यंत्राच्या तेलाची गोष्ट नीट समजून घेऊ.

मिरकरवाड्याच्या मोठ्या नौकांत डिझेलचे इंजिन नौकेच्या पोटात असते. लहान होडीचे यंत्र मागच्या फळीवर बाहेरून टांगतात. त्याला आउटबोर्ड म्हणतात. त्याच्या दोन जाती. फोर-स्ट्रोक यंत्राचे तेल त्याच्या पोटात साठवलेले असते. पट्टी बाहेर काढून पाहिली की तेल किती ते कळते. त्याच्या पेट्रोलात तेल मिसळायचे नाही.

टू-स्ट्रोकचे तसे नाही. त्याच्या पोटात तेलाचा साठा नसतो. पेट्रोलबरोबर तेल आत जाते, पिस्टनला आणि बेअरिंगला लागते आणि जळून जाते. म्हणून त्याला सतत नवे तेल पोचले पाहिजे. तेल थांबले की धातूवर धातू घासतो. पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये घट्ट बसतो. मग दोरी ओढून हात दुखतील, यंत्र काही फिरायचं नाही.

पुष्कळ यंत्रांना तेल हाताने मिसळतात. साधारण प्रमाण ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल. म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर. यंत्र कोरे असताना तेल जास्त लागते. रॉकेलच्या यंत्राचे प्रमाण वेगळे असते. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात आकडा असतो, तो पाहावा. अंदाजाने ओतू नये. जास्त तेल झाले तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो.

काही यंत्रांना तेलाची वेगळी टाकी असते. तेल बारीक नळीने पंपाकडे जाते. पंप ते मापाने आत सोडतो. तेल कमी झाले की भोंगा वाजतो, तांबडा दिवा लागतो. काही यंत्रे आपणहून वेग कमी करतात. आणि इथेच घात होतो. "काय ही कटकट!" म्हणून कुणी भोंग्याची वायरच तोडतो. अहो, कुत्रा भुंकला म्हणून कुत्र्याला मारले, तर चोर पळाला का?

भोंगा वाजला की वेग कमी करा. मागून पाण्याची बारीक धार पडते ना, ती आधी पाहा. यंत्र तापले तरी भोंगा वाजतो. धार बंद असेल तर दुखणे पाण्याचे आहे. धार चालू असेल तर तेलाकडे वळा. खडक जवळ असतील तर नांगर टाका आणि मग यंत्र बंद करा.

टाकी रिकामी असेल तर तेल भरा. टाकी भरलेली असूनही भोंगा वाजतो? मग नळी पाहा. जाळ्याच्या ओझ्याखाली ती दबली असेल, मुडपली असेल. नळीत हवेचे बुडबुडे दिसले तर पंपाला तेलाऐवजी हवा मिळते आहे. जोड सैल असेल तो घट्ट करा. आत शिरलेली हवा मात्र पुस्तकात सांगितल्याप्रमाणे काठावर आल्यावर काढावी. गाळणीत कचरा अडकतो, तीही पाहावी. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. पाणी तेलाहून जड. ते तळाशी बसते आणि पंपाकडे पहिल्यांदा तेच जाते. अशी टाकी सगळी रिकामी करून, पुसून, नवे तेल भरावे.

दोष सापडलाच नाही तर घरी कसे यायचे? पेट्रोलच्या टाकीत हाताने तेल मिसळा, पन्नासास एक. टाकी हलवा आणि सावकाश या. म्हणून तेलाचा एक बंद डबा आणि माप होडीत नेहमी हवे. दुरुस्तीनंतरही काही वेळ असेच मिसळलेले पेट्रोल वापरावे. तेलाच्या टाकीवर पेन्सिलीने खूण करावी. पातळी खाली गेली तर पंप चालतो. खूण हलली नाही तर मिस्त्रीला बोलवा.

तेल घेताना डब्यावरची अक्षरे वाचा. होडीच्या टू-स्ट्रोक तेलावर इंग्रजीत टी, सी, डब्ल्यू आणि ३ असे लिहिलेले असते. स्कूटरचे तेल स्वस्त मिळते, पण ते वाऱ्याने थंड होणाऱ्या यंत्रासाठी असते. आपले यंत्र पाण्याने थंड होते.

जून-जुलैत यंत्राच्या नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा हाताशी वेळ असतो. सगळ्या नळ्या बोटांनी दाबून पाहाव्या. कडक झालेली, तडा गेलेली नळी बदलावी. खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या क्लिपाही त्याच वेळी काढून टाकाव्या, नारळी पौर्णिमेची वाट पाहू नये.