कांगाल नावाचा राखणदार

मेंढपाळाचा कुत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो जर्मन शेफर्ड, पोलिसांच्या जीपमधून रुबाबात उतरणारा. फार तर इंग्रजी सिनेमात मेंढरांभोवती धावून त्यांना एका बाजूला नेणारा काळा-पांढरा कॉली. हे झाले मेंढ्या वळवणारे कुत्रे. मालकाच्या शिट्टीकडे आणि हाताच्या इशाऱ्याकडे त्यांचं सगळं लक्ष. पण मेंढपाळांकडे दुसऱ्या प्रकारचाही कुत्रा असतो. तो मेंढ्या वळवत नाही, त्यांच्यातच राहून त्यांची राखण करतो, आणि त्यासाठी शिट्टीची वाट बघत नाही. हा फरक असा कुत्रा घेणाऱ्यानं तर समजून घ्यावाच, पण त्या घरात रोज जाणं-येणं असलेल्या बाईलाही तो ठाऊक असावा असं मला हल्ली फार वाटतं. का ते पुढे सांगते.

या राखणदारांमधला नामांकित म्हणजे तुर्कस्तानचा कांगाल. नाव ऐकून हसू नका. त्याचा आपल्या 'कंगाल'शी काही संबंध नाही, फक्त पोसणाऱ्यावर ती वेळ येऊ शकते एवढंच! तुर्कस्तानच्या मधोमध सिवास प्रांत आहे. त्यातल्या कांगाल गावावरून हे नाव पडलं. (मॉलमध्ये पाय पाण्यात सोडून माशांकडून पेडिक्युअर करून घेण्याची फॅशन आपल्याकडे आली होती, आठवतंय? ते मासेही याच गावच्या गरम झऱ्यांत प्रसिद्ध आहेत.) दीड हजार मीटरच्या आसपास उंचीचं हे पठार. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात कोरडं कडक ऊन, आणि रानात लांडगे.

तिथे तयार झालेला हा कुत्रा दिसायला देखणा. अंग पिवळसर-भुरं, तोंड आणि कान काळे, शेपटी पाठीवर वळलेली. नराची खांद्यापाशी उंची ७२ ते ७८ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्यापेक्षा चार बोटं कमी. वजन पन्नास-साठ किलो. एक अख्खी बाई म्हणा ना!

त्याचं शिक्षण मला फार विलक्षण वाटतं, कारण त्यात शिकवणं असं फारसं नसतंच. पिल्लू लहानपणीच कळपात सोडतात. मेंढ्यांच्या उबेला झोपायचं, त्यांच्याच वासात वाढायचं. कोकरांना खेळायला पकडलं तर आई मेंढीच ढुशी देऊन ताळ्यावर आणते. मोठे कुत्रे काय करतात ते बघत बघत ते कामाला लागतं. एकदा का ही मेंढरं आपली असं त्याच्या मनानं घेतलं की झालं. दिवसा उंचवट्यावर आळसावल्यासारखा पडून राहील, पण रात्री त्याची ड्युटी सुरू. हद्दीवरून फिरायचं, खर्जातल्या आवाजात भुंकायचं. लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा. आपल्या हिमालयातले गद्दी मेंढपाळही त्यांच्या कुत्र्यांना तसलाच पट्टा घालतात.

आणि खाणं? परंपरेनं सातूच्या, म्हणजे जवाच्या पिठाचा पाण्यात किंवा ताकाच्या निवळीत कालवलेला गोळा. त्याला तिकडे 'याल' म्हणतात. हे वाचलं तेव्हा मला पुणे-सोलापूरच्या माळावर मुक्काम टाकलेली धनगराची पालं आठवली. तिथेही लांडग्यांचं भय, आणि तिथेही कुत्र्याच्या वाट्याला माउलीनं थापलेली भाकरीच. देश वेगळा, रीत तीच.

या कुत्र्याची खरी किंमत कळते ती आफ्रिकेतल्या नामिबियात. तिथे १९८० च्या दशकात शेतकऱ्यांनी हजारो चित्ते मारले किंवा पकडून हटवले. त्यांचंही चुकत नव्हतं, शेळ्या-वासरं जात होती ना. लॉरी मार्कर या अमेरिकन बाई तिथे गेल्या, १९९० मध्ये चित्त्यांसाठी संस्था काढली आणि १९९४ पासून शेतकऱ्यांना या जातकुळीचे, कांगाल आणि अनातोलियन शेफर्ड कुत्रे द्यायला सुरुवात केली. गंमत बघा, कुत्रा चित्त्याचा पाठलाग करत नाही. तो जनावरं आणि चित्ता यांच्यामध्ये उभा राहतो आणि भुंकतो. चित्ता अंगानं हलका. जखमी झाला तर शिकार बंद, म्हणजे उपासमार. म्हणून तो भांडणात न पडता निघून जातो. आजवर असे शेकडो कुत्रे दिले गेले. शेळी वाचली की शेतकरी बंदूक काढत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशच्या कुनोत जे पहिले आठ चित्ते आले, ते या नामिबियातूनच.

तर असा हा गुणी प्राणी आपल्या शहरांत येतो तेव्हा काय होतं? आता माझ्या कामाकडे वळते. मी घरकाम करणाऱ्या बायकांच्या गटाबरोबर काम करते. मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका मावशींना त्या जिथे काम करतात त्या बंगल्यातल्या कुत्र्यानं पाडलं. कांगाल म्हणूनच विकत घेतलेला, दोन वर्षांचा. मावशी रोज सकाळी जायच्या, वहिनी दार उघडायच्या, कुत्रा नुसता मान वर करून बघायचा. त्या दिवशी घरी पाहुणे, म्हणून त्यांना रात्री आठला बोलावलेलं. डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, दिवे गेलेले, फाटक नुसतं लोटलेलं. मावशी आत शिरल्या आणि साठ किलोचा ऐवज अंगावर आला. दंडाला दात लागले, मनगट मोडलं. दीड महिना काम बंद.

वहिनी मला म्हणाल्या, "अहो ताई, इतका शांत आहे हो तो. मुलं त्याच्या अंगावर लोळतात." खरंच होतं ते. मुलं त्याची मेंढरं होती. आणि रात्री अंधारात, वेगळ्याच आकाराचं काहीतरी फाटकातून आत आलं होतं. ज्या कामासाठी त्याच्या शेकडो पिढ्या घडल्या ते त्यानं केलं, कुणाला न विचारता. न विचारता हाच तर त्याचा गुण! विकणाऱ्यानं मात्र सांगितलं होतं, "लॅब्रॅडोरसारखाच आहे, फक्त मोठा." या माणसावर माझा राग आहे. कुत्र्यावर नाही.

मावशींच्या औषधपाण्याचा खर्च आणि दीड महिन्याचा पगार त्या घरानं दिला. मागावा लागला, पण दिला. जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा हा आपल्या कायद्यानं गुन्हा आहे, हे सांगितल्यावर जरा लवकर दिला. कुत्रा चावला, नुसता ओरखडा उठला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घरच्या कुत्र्याला लस दिलेली असली तरीसुद्धा.

मैत्रिणींनो, हे वाचूनही कुणाच्या घरी असं पिल्लू येणार असेलच, तर थोडं त्याच्या संगोपनाविषयी. घर फ्लॅटमधलं असेल तर मी सरळ नाही म्हणेन. रात्रीचं भुंकणं हा त्याचा धर्म आहे, शेजाऱ्यांनी का सोसावं? बंगला असेल तर कुंपण उंच आणि पक्कं हवं. साखळीला बांधून ठेवणं हा उपाय नाही, त्यानं तो अधिकच बिथरतो. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात त्यानं माणसांचे जितके नमुने बघितले तितके बरे. दूधवाला, पोस्टमन, काठी टेकणारे आजोबा, बुरख्यातली बाई, छत्री, रेनकोट. त्याचा संशयी स्वभाव यानं जाणार नाही, पण साधं काय आणि वावगं काय हे त्याला कळू लागेल.

आपण बायका खाऊ घालण्यात मागे नसतो. इथे मात्र हात आखडता घ्या. मोठ्या चणीचं पिल्लू गुबगुबीत झालं की वजनाचा भार कोवळ्या हाडांवर येतो. खुब्याचे सांधे या कुत्र्यांत आधीच नाजूक असू शकतात. वाढीचा तयार आहार देत असाल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वरून कॅल्शियमच्या गोळ्या नकोत. दीड वर्षाचा होईपर्यंत जिने, उड्या, दुचाकीमागे पळवणं बंद.

मोठ्या कुत्र्याला पोट फुगण्याचं एक भयंकर दुखणं होतं. जठरात वायू कोंडतो आणि जठराला पीळ पडतो. पोट टम्म, ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, जनावर बेचैन. ओवा-हिंग देत बसू नका. काही तासांत जीव जातो. रात्री दोन वाजता असलं तरी डॉक्टर गाठा. एकदम भरपूर न वाढता दोन वेळा विभागून द्यावं आणि जेवल्यावर तासभर पळवू नये, ही खबरदारी.

त्याची लोकर दाट, दुपदरी. वर्षातून दोनदा घरभर केस होतात, तेव्हा रोज विंचरा. पण उकडतं म्हणून भादरू नका, तीच लोकर त्याला उन्हापासून वाचवते. कोरडं ऊन त्याला पिढ्यांपासून ठाऊक आहे, आपल्या किनारपट्टीचा दमट उकाडा नाही. फिरवणं पहाटे किंवा रात्री, सावली आणि पाणी कायम. गोचीड रोज बघायचे, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात. गोचीडतापानं धडधाकट कुत्रे जातात.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना पत्र लिहून २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं होतं. त्या यादीत कांगालही होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्रक रद्द केलं. संबंधितांना विचारलं नाही, असं त्यात म्हटलं होतं. मला विचाराल तर यादीपेक्षा प्रत्येक फाटकाची तपासणी जास्त उपयोगी. ज्या घरी मोठा कुत्रा, तिथे कामाला जाणाऱ्या आमच्या बायका आता दोन गोष्टी आधीच ठरवून घेतात. बाहेरच्या फाटकाच्या आत दुसरं दार हवं, आणि घंटा वाजवली की घरातल्या माणसानं कुत्रा आत नेऊन कडी घातल्याचं ओरडून सांगायचं. मावशी परत त्याच बंगल्यात जातात. सकाळीच. वहिनींचा "या आता" ऐकू येईपर्यंत त्या रस्त्यावर उभ्या राहतात, पाऊस असला तरी.